हसण्यावारी नेलेली झोप

जाडा माणूस दिवसाढवळ्या बसल्या जागी पेंगू लागला, की घरातलं कुणीतरी हसतं. 'खाऊन खाऊन सुस्ती चढली आहे', असा शेराही मिळतो. नाटक-सिनेमांनी तर या पात्रावर पिढ्यान्‌पिढ्या हशा वसूल केला. अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांना मात्र ही पेंग हसण्यासारखी वाटत नाही. श्वास अपुरा पडत असल्याची ती खूण असू शकते, हे त्यांना ठाऊक असतं. पण हे ठाऊक व्हायला वैद्यकशास्त्राला बराच काळ लागला.

या गोष्टीची सुरुवात होते एका कादंबरीपासून. चार्ल्स डिकन्सची 'पिकविक पेपर्स' १८३६-३७ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत जो नावाचा एक लठ्ठ नोकर-पोऱ्या आहे. तो कुठेही झोपतो. दार ठोठावायला पाठवला, तर दारात उभ्या उभ्या डोळे मिटतो. वाचक त्याला शंभरहून अधिक वर्षं हसत राहिले.

मग १९५६ साली सिडनी बरवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या बोस्टन शहरातल्या एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. एक्कावन्न वर्षांचा हा व्यावसायिक गृहस्थ सुमारे १२० किलो वजनाचा होता. पत्ते खेळताना त्याच्या हाती तीन एक्के आणि दोन राजे आले. असा डाव क्वचितच येतो. पण तेवढ्यात त्याला झोप लागली आणि डाव हातचा गेला. त्यानंतर थोड्याच दिवसांत तो रुग्णालयात दाखल झाला. तपासणीत त्याच्या रक्तात प्राणवायू कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त आढळला. हृदयावरही ताण आला होता. छातीवर आणि पोटावर साठलेल्या चरबीमुळे त्याचा श्वास उथळ झाला होता. ८०० उष्मांकांच्या आहारावर ठेवून वजन उतरवल्यावर त्याची प्रकृती सुधारली. डॉक्टरांनी या विकाराला 'पिकविकियन सिंड्रोम' असं नाव दिलं. विनोदी पात्राचा असा रुग्ण झाला.

पुढे १९६५ मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय आणि जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथल्या संशोधकांनी अशा रुग्णांचं झोपेतलं श्वसन रात्रभर नोंदवलं. घोरता घोरता घसा मिटतो, श्वास थांबतो, माणूस अर्धवट जागा होतो आणि पुन्हा झोपतो. हे रात्रभर चालू राहतं, असं त्यांना दिसलं. मग दिवसा पेंग येईल नाही तर काय? १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियात कॉलिन सलिव्हन यांनी नाकावरच्या मास्कमधून हवेचा सौम्य दाब सतत देऊन घसा उघडा ठेवण्याचा उपाय मांडला. आज अनेक घरांत पलंगाशेजारी दिसणारं मशीन, ते हेच.

या काळात आणखी एक गोष्ट घडत होती. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी श्वासनलिकेला छिद्र पाडून, नळी घालून, रबरी पिशवी हाताने दाबत रुग्णांना श्वास द्यायला लावला. सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हे काम केलं. त्यातूनच १९५३ मध्ये तिथे अतिदक्षता विभाग उभा राहिला. हाताची जागा पुढे व्हेंटिलेटरने घेतली आणि एक नवा प्रश्न आला: एका श्वासात हवा किती भरायची?

कित्येक वर्षं हिशेब सोपा होता. दर किलो वजनामागे दहा ते पंधरा मिलिलिटर. पण लठ्ठ माणसाचं कोणतं वजन धरायचं? चरबी वाढली म्हणून फुप्फुसं वाढत नाहीत. त्यांचा आकार ठरतो उंचीवरून. १७० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषाचं हिशेबाचं वजन सुमारे ६६ किलो येतं. मग तो काट्यावर १४० किलो का भरेना. काट्यावर विसंबलं, तर त्याच्या फुप्फुसांत दुपटीहून अधिक हवा कोंबली जाते आणि नाजूक वायुकोश फाटतात.

२००० साली अमेरिकेत ८६१ रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. हिशेबाच्या वजनाच्या दर किलोमागे बाराऐवजी सहा मिलिलिटर हवा दिल्यावर मृत्यूचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आलं. हा अभ्यास खास लठ्ठ रुग्णांचा नव्हता. पण त्यातला धडा त्यांना सर्वांत जास्त लागू पडतो. म्हणून आज अंथरुणावर पडलेल्या रुग्णाची उंची टेपने मोजतात.

बाकीचे बारकावेही असेच हळूहळू कळत गेले. उताणं झोपवलं, की पोट श्वासपटलाला वर ढकलतं. म्हणून उशाची बाजू उंच ठेवायची. नळी घालताना श्वास थांबला, तर प्राणवायूचा साठा फार लवकर संपतो. म्हणून आधीच भरपूर प्राणवायू देऊन ठेवायचा. रक्तदाबाचा पट्टा दंडाला अपुरा पडला, तर दाब खोटाच जास्त दिसतो. काही औषधं पूर्ण वजनावर ठरतात, काही नाही. कूस बदलायला दोघं पुरत नाहीत, चार-पाच जण लागतात. आणि कूस बदलली नाही, तर वळ्यांतली कातडी सडते. हे काम परिचारिका आणि वॉर्डबॉय करतात. त्यांची नावं कुठल्या इतिहासात येत नाहीत.

२००९ मध्ये स्वाइन फ्लूची साथ आली. पुण्यात शाळा आणि चित्रपटगृहं बंद ठेवावी लागली होती, हे अनेकांना आठवत असेल. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मिशिगनमधून एक अहवाल आला. एका अतिदक्षता विभागातल्या दहा गंभीर रुग्णांपैकी नऊ जण लठ्ठ होते. २०२० च्या कोविडमध्ये हेच चित्र जगभर दिसलं. रुग्णाला पालथं झोपवायचं, तेही लठ्ठ रुग्णाला, नळ्या न निसटता. हे दृश्य तेव्हा रोजचं झालं.

'एवढा लठ्ठ माणूस, तो काय वाचणार', असं काही जण सहज बोलून जातात. या समजाला पुरावा साथ देत नाही. अतिदक्षता विभागात पोचल्यावर लठ्ठ रुग्ण इतरांपेक्षा जास्त दगावतातच असं नाही, असं अनेक अभ्यासांत आढळलं आहे. काहींत तर थोडे कमीच. कारणांबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. पण आशा आधीच सोडून द्यायला आधार नाही, एवढं नक्की.

म्हणून आपल्या घरात कुणी असं घोरत असेल, दिवसा पेंगत असेल, तर त्याची चेष्टा करू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि कधी रुग्णालयात न्यायची वेळ आलीच, तर त्याचं घोरणं, दिवसाची झोप आणि रात्री वापरायचं मशीन, हे सारं आपण होऊन सांगा. शक्य असेल, तर ते मशीन सोबतच न्या.