बुधवारी रात्री आठ वाजता गाण्यांची शर्यत

सोळा सिनेमे, आठ जोड्या, इन्स्टाच्या स्टोरीवर पोल. ‘सैराट’ची गाणी भारी की ‘नटरंग’ची? चोवीस तासांत निकाल. मग उपांत्य फेरी, अंतिम फेरी आणि कुणाचा तरी लाडका सिनेमा पहिल्याच फेरीत गारद झाला म्हणून ग्रुपवर रात्रभर भांडण. हा खेळ आपल्याला नवा वाटतो. पण गाण्यांचा क्रम लावण्यासाठी अख्खा देश भांडत होता, त्याला आता सत्तर वर्षं उलटून गेलीत. तेव्हा मत पोस्टकार्डावर जायचं.

गोष्ट सुरू होते एका मराठी माणसापासून. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर देशाचे माहिती आणि प्रसारण मंत्री झाले. त्यांना शास्त्रीय संगीताची मनापासून ओढ होती, सिनेमातली गाणी मात्र सवंग वाटायची. सरकारी रेडिओने लोकांची अभिरुची घडवावी, असं त्यांचं मत. त्यात निर्मात्यांशी वाद पेटला. गाण्याआधी सिनेमाचं नाव घेणं म्हणजे फुकटची जाहिरात, असं ऑल इंडिया रेडिओचं म्हणणं होतं. निर्मात्यांना ते पटेना. शेवटी सरकारी रेडिओवरून सिनेसंगीत जवळजवळ गायबच झालं. आजच्या भाषेत सांगायचं तर स्पर्धा सुरू होण्याआधीच एक अख्खा संघ बाद.

लोकांनी काय केलं? रेडिओची सुई फिरवली. दुसऱ्या महायुद्धातला एक ताकदवान शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर कोलंबोत होता आणि रेडिओ सिलोनचा आवाज भारतभर पोहोचत होता. डिसेंबर १९५२मध्ये तिथून ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. सिबा कंपनीच्या टूथपेस्टच्या नावाने चालणारा हा अर्ध्या तासाचा कार्यक्रम दर बुधवारी रात्री आठ वाजता लागायचा. निवेदक होते अमीन सयानी, वय जेमतेम वीस. कार्यक्रम लिहायचा, सादर करायचा आणि पत्रंही वाचायची, या सगळ्याचे मिळून आठवड्याला २५ रुपये. ध्वनिमुद्रण मुंबईत व्हायचं आणि टेप विमानाने कोलंबोला जायची.

सुरुवातीला क्रमवारी नव्हतीच. सात गाणी वाजवायची, श्रोत्यांनी ती योग्य क्रमाने लावून पाठवायची, बक्षीस १०० रुपये. पन्नासेक पत्रं येतील अशी अपेक्षा होती, आली नऊ हजार. बघता बघता आकडा आठवड्याला ६५ हजारांवर गेला. एवढी पत्रं तपासणार कोण? म्हणून १९५४च्या अखेरीस स्पर्धा बंद झाली आणि त्याच कार्यक्रमाची ‘हिट परेड’ झाली. गाण्यांना पायऱ्या मिळाल्या. सयानी त्यांना ‘पायदान’ म्हणायचे. कुठलं गाणं किती पायऱ्या चढलं, कुठलं घसरलं, यावर दुसऱ्या दिवशी नाक्यावर चर्चा व्हायची. क्रम ठरायचा रेकॉर्डची विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांची पत्रं यांवरून. झुमरीतलैया हे अभ्रकाच्या खाणींचं गाव देशाला माहीत झालं ते तिथून येणाऱ्या फर्माइशींमुळे.

या क्रमवारीचे निकाल आज वाचले तर डोकं चक्रावतं. १९५७ घ्या. ‘प्यासा’, ‘मदर इंडिया’, ‘नया दौर’ हे सगळे त्याच वर्षीचे. वर्षाचं पहिलं गाणं मात्र ‘जनम जनम के फेरे’ या सिनेमातलं, संगीतकार एस. एन. त्रिपाठी. सिनेमाचं नावही आज फारसं कुणाला आठवत नाही. १९६० साली ‘मुगल-ए-आझम’ आला, पण अव्वल ठरलं ‘बरसात की रात’मधलं गाणं. ‘शोले’च्या वर्षी, म्हणजे १९७५ला, वर नाव होतं ‘रोटी कपडा और मकान’मधल्या महागाईवरच्या गाण्याचं.

मग लोक चुकले का? मला नाही तसं वाटत. १९७४मध्ये भाव आकाशाला भिडले होते, रेशनच्या रांगा होत्या. त्या वर्षी घराघरात जे बोललं जात होतं, तेच गाण्याने म्हटलं. आणखी एक मेख अशी की गीतमालेत शर्यत एकेका गाण्याची होती, अख्ख्या सिनेमाच्या संगीताची नव्हती. सहा उत्तम गाण्यांचा सिनेमाही एका तुफान गाण्यापुढे मागे पडू शकत होता. काय मोजायचं हे बदललं की विजेताही बदलतो.

आता केसकरांचीही बाजू बघू. सिनेसंगीताला दार बंद असतानाच, १ एप्रिल १९५५ला पुणे केंद्रावरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. वर्षभर दर आठवड्याला नवं गीत, एकूण ५६. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके हे दोघंही सिनेमातलेच. कसली पायरी नाही, कसलं मतदान नाही, तरी लोक रेडिओसमोर हात जोडून बसायचे. म्हणजे मतदानाशिवायही लोकप्रिय आणि टिकाऊ काही घडू शकतं. पण काय ऐकायचं नाही, हे वरून ठरवलेलं लोकांनी मानलं नाही. केसकर मंत्री असतानाच, ३ ऑक्टोबर १९५७ला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली आणि सिनेमाची गाणी सरकारी रेडिओवर परतली. १९८९मध्ये तर खुद्द गीतमालाच विविध भारतीवर आली.

अमीन सयानी २० फेब्रुवारी २०२४ला गेले. त्यांच्या वार्षिक याद्या मात्र उरल्या. सर्वोत्तम गाणी कुठली, हे त्यांतून कळेलच असं नाही. त्या वर्षी लोकांच्या मनात काय चाललं होतं, ते मात्र कळतं.

तेव्हा पुढच्या वेळी तुमचा सिनेमा पहिल्याच फेरीत हरला तर ग्रुप सोडू नका. निकालाचा स्क्रीनशॉट काढा, खाली तारीख टाका आणि मत कुणीकुणी दिलं तेही लिहून ठेवा. वीस वर्षांनी उघडून बघाल तेव्हा गाण्यांआधी ती माणसं आठवतील.