पोकरमधील ‘हूल’ : स्वभावाकडून गणिताकडे

प्रस्तावना :
एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रुजलेल्या पोकर या पत्त्यांच्या खेळात हलके पान हाती असताना पैज लावून प्रतिस्पर्ध्यास माघार घ्यावयास लावणे, यास ‘ब्लफ’ म्हणजेच हूल देणे असे म्हणतात. दीर्घकाळ ही हूल खेळाडूच्या धाडसाची व धूर्तपणाची बाब मानली गेली. विसाव्या शतकात मात्र ती तर्कशुद्ध खेळाची गरज असल्याचे सिद्ध झाले. या स्थित्यंतराचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

सैद्धांतिक पाया :
गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये खेळसिद्धांताचा पाया घातला. ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांनी हुलीचे दोन हेतू सांगितले : दुर्बळ असताना सबळ भासणे आणि सबळ असताना दुर्बळ असल्याचा संशय टिकवणे. यांपैकी दुसरा हेतू मूलगामी आहे. कधीच हूल न देणाऱ्याची पैज पाहताच प्रतिस्पर्धी माघार घेतो. परिणामी त्याचे उत्तम पानही निष्फळ ठरते.

हुलीचे प्रमाण :
हॅरोल्ड कून यांनी १९५० मध्ये राजा, राणी व गुलाम या तीनच पानांचा द्विपक्षीय खेळ मांडला. प्रत्येकी १ नाणे आरंभी मांडावयाचे, एकेक पान घ्यावयाचे व पैज १ नाण्याची. पहिल्याने पैज लावली नाही, तर दुसऱ्याने राजा असताना नेहमी व गुलाम असताना तीनपैकी एकदा पैज लावावी, असे उत्तर निघते. राणी बाळगणाऱ्या पहिल्या खेळाडूच्या दृष्टीने अशा चार पैजांपैकी तीन खऱ्या व एक हूल असते. १ नाणे देऊन ३ मिळवण्याची संधी त्यास चारपैकी एकदाच लाभते. म्हणून पैज स्वीकारली वा नाकारली, तरी त्यास फरक पडत नाही. हूल याहून कमी दिल्यास तो नेहमी माघार घेईल, अधिक दिल्यास नेहमी पैज स्वीकारील.

संगणकाची साक्ष :
जानेवारी २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्रेटस’ या संगणकप्रणालीने चार व्यावसायिक खेळाडूंना १,२०,००० डावांच्या सामन्यात पराभूत केले. तिला ना चेहरा होता, ना धैर्य. तरीही ती हूल देत होती.

समारोप :
सारांश, हूल ही मुख्यतः स्वभावाची नव्हे, तर प्रमाणाची बाब आहे. तिचे यश केवळ ती खपण्यात नसून, ती अधूनमधून उघडी पडल्यामुळे खऱ्या पैजेस मिळणाऱ्या प्रतिसादातही आहे.