‘रक्तातच आहे’ : एका रकान्याचा इतिहास

लोधिवलीच्या आसपासच्या वाड्यांवर व्यसनमुक्तीचं बोलायला गेलं की एक वाक्य हमखास कानावर पडतं : “त्यांच्या रक्तातच आहे.” कातकरी पोराच्या हातात चिलीम दिसली की हे वाक्य. फार्महाऊसवर आलेल्याच्या हातात तीच दिसली की मात्र “टेन्शन असेल.”

हा दुटप्पीपणा जुना आहे. गांजाने वेड लागतं, असा बोलबाला झाल्यावर इंग्रज सरकारने १८९३ साली चौकशी आयोग नेमला. मुख्य पुरावा होता वेड्यांच्या इस्पितळांचे आकडे. आयोगाने १८९२ सालच्या नोंदी एकेक करून तपासल्या. गांजा-भांगेच्या नावावर २२२ रुग्ण होते, त्यातले ९८च टिकले. बाकीचे आले कुठून? रुग्णाच्या कागदावर वेडाच्या ‘कारणा’चा रकाना असे आणि बहुतेकदा तो पोलीस भरत. काहीतरी लिहिणं भाग, म्हणून ‘गांजा’. वेड आधी की गांजा आधी, हे कोण विचारणार?

त्याच सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा आणला होता. तिथे तर जन्म हेच कारण! तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं.

आता ‘रक्ता’ऐवजी ‘जीन्स’ म्हणतात. मग विज्ञान काय म्हणतं तेही नीट वाचू. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं की गांजाच्या व्यसनाकडे झुकण्यात माणसामाणसांत जो फरक असतो, त्यातला साधारण निम्मा आनुवंशिक असतो. उतावळा, थरार शोधणारा स्वभावही धोका वाढवतो. पण यामागे एक जीन नाही. असंख्य जीन्सचा बारीक बारीक वाटा आहे. आणि हा हिशेब व्यक्तीव्यक्तींमधल्या फरकाचा आहे. त्यावरून एखाद्या जातीबद्दल किंवा जमातीबद्दल काहीही सिद्ध होत नाही. पाटलाच्या घरातही उतावळा पोरगा जन्मतोच की.

बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जात म्हणजे वंश हा दावा खोडला होता. पंजाबचा ब्राह्मण आणि मद्रासचा ब्राह्मण यांचा वंश एक कसा, हा त्यांचा सवाल होता.

१९८५ च्या एनडीपीएस कायद्यात गांजा गुन्हा ठरला, भांगेची पानं मात्र त्या व्याख्येबाहेर राहिली. महाशिवरात्रीची सोय झाली! पण त्याच कायद्यात कलम ६४-अ आहे. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडले तर ते काढून घेता येतं. वाड्यावाड्यांवर आईबापांना आधी हे कलम सांगा.