अझीझची झिझा

आमच्या मोहल्ल्यांत अझीझ नावाचा एखादा चाचा हमखास सापडतो. त्याच नावाचा एक किल्ला इटलीतल्या सिसिली बेटावर, पालेर्मो शहरात आहे. तिथले लोक त्याला ‘कास्तेल्लो देल्ला झिझा’ म्हणतात. झिझा म्हणजे अरबी ‘अल-अझीझ’चं झिजलेलं रूप. नावाला किल्ला, पण तो लढाईसाठी बांधलेलाच नव्हता. राजाचा उन्हाळी महाल होता तो.

आणि राजा मुसलमान नव्हता. नॉर्मनांनी १०७२ मध्ये पालेर्मो मुस्लिमांकडून जिंकलं. त्यानंतर नव्वदेक वर्षांनी, ११६५च्या सुमारास, ख्रिस्ती राजा पहिला विल्यम याने महालाचं काम सुरू केलं. त्याचा मुलगा दुसरा विल्यम याने ते पुरं केलं. घडण मात्र सगळी अरबी वळणाची. तळमजल्यावरच्या दालनात भिंतीतून पाणी झरायचं, संगमरवरी उतारावरून फरशीतल्या पाटात यायचं आणि बाहेरच्या तळ्यात पडायचं. समुद्राकडचा वारा त्या तळ्यावरून गार होऊन आत शिरायचा. वर मुकर्नस, मधाच्या पोळ्यासारखी नक्षी. कमानीवर अरबी काव्य, त्यात राजाचा किताबही अरबीच: ‘अल-मुस्तइज्ज’.

११८४च्या अखेरीस सिसिलीत आलेला अंदलुसी प्रवासी इब्न जुबैर सांगतो की हा राजा अरबी लिहितो-वाचतो. बेटावरचे मुसलमान धास्तावलेले आहेत, हेही तोच सांगतो. सलोख्याचे दाखले शोधताना आपण पहिलं वाक्य उचलतो, दुसरं सोडून देतो. मीही हे केलेलं आहे.

धास्ती खरी ठरली. सम्राट दुसरा फ्रेडरिक याने १२२०च्या दशकापासून सिसिलीच्या मुसलमानांना मुख्य भूमीवरच्या लुचेरा गावी हलवलं. १३०० मध्ये ती वस्तीही मोडली गेली आणि कित्येकांना गुलाम म्हणून विकण्यात आलं. पालेर्मोत महाल राहिला, पण त्याचं नाव नीट उच्चारणारं कुणी उरलं नाही.

महालाच्या माथ्यावर अरबी शिलालेखाची लांब पट्टी होती. चौदाव्या शतकात तिच्यातच खाचा पाडून तटावर असतात तसे दाते काढले. ज्याला आज आपण किल्ला म्हणतो, त्याचं किल्लेपण असं अक्षरं तोडून आलेलं आहे.

पुढे सतराव्या शतकात सांदोवाल घराण्याने जिने-खोल्या बदलल्या. १९५०च्या दशकात वास्तू सरकारकडे आली, तरी हेळसांड थांबली नाही. १९७१ मध्ये एक बाजू कोसळली. वास्तुविशारद जुझेप्पे कारोनिया यांच्या देखरेखीखाली डागडुजी झाली आणि १९९१ मध्ये दारं उघडली. कोसळलेला भाग काँक्रीटने उभारला. काहींना ते खटकतं. मला त्यात प्रामाणिकपणा दिसतो. तिथे काय घडलं होतं ते लपवलेलं नाही.

आता आत इस्लामी कलेचं संग्रहालय आहे. २०१५ मध्ये युनेस्कोने ‘अरब-नॉर्मन पालेर्मो’ या नावाने केलेल्या यादीत झिझाही आली. माथ्यावरची ओळ मात्र अजून तुटकीच आहे.