तेरेखोलची सरहद्द

नकाशा समोर घेतला तर एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. तेरेखोल नदी समुद्राला मिळते तिथे दक्षिण काठावर गोव्याचे केरी गाव आहे आणि उत्तर काठावर महाराष्ट्र. पण त्या उत्तर काठावरच, अगदी मुखाशी, तेरेखोलचा किल्ला आणि गाव एवढा लहानसा तुकडा मात्र गोव्याचा. नदी हीच सरहद्द मानावी, तर हा तुकडा पलीकडे कसा राहिला? या एका प्रश्नाचा माग काढत बांद्यापासून नार्व्यापर्यंत गाडीने एक दिवस फिरावे, म्हणजे आपल्याच घराण्यांचा पुष्कळ इतिहास उलगडत जातो.

सुरुवात बांद्यापासून करावी. सह्याद्रीत मनोहरगडाच्या बाजूने उतरणारी ही नदी इथे गावाच्या अंगाने वाहते. आदिलशाहीत बांदा हे नामांकित बंदर होते. भरतीच्या पाण्याबरोबर माल इथवर चढत असे. म्हणजे त्या काळी ही नदी दोन काठ तोडणारी नव्हती. ती घाटाखालच्या गावांची समुद्राकडे जाणारी वाट होती. सोहिरोबानाथ अंबिये या बांद्याचे. आज त्यांच्या नावाचे शासकीय महाविद्यालय मात्र नदीपलीकडे, पेडणे तालुक्यातल्या विर्नोड्यात आहे. संतकवीच्या बाबतीत कोणी सरहद्द पाहिली नाही, हे बरेच झाले.

सातार्डा, आरोंदा, शिरोडा, रेडी असे करत रस्ता तेरेखोलच्या किल्ल्यापाशी संपतो. हा किल्ला सतराव्या शतकात वाडीकर सावंत-भोसल्यांनी बांधला, तो मुखावर नजर ठेवण्यासाठी. १७४६ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉय मार्क्विस ऑफ कास्तेलो नोव्हो याने सावंतांवर मोहीम काढली आणि हळर्ण, डिचोली, तेरेखोल, रेडी अशी ठाणी घेतली. हळर्ण जिंकल्याबद्दल त्याची पदवीच ‘मार्क्विस ऑफ अलोर्ना’ अशी झाली. रेडी पुढे सावंतांकडे परत आली. तेरेखोल मात्र परत आले नाही. ज्याच्या हाती मुख, त्याच्या हाती नदीवरची जकात आणि जहाजे, हे पोर्तुगीज पुरते ओळखून होते. उत्तर काठावरचा तो तुकडा गोव्यात राहण्याचे कारण हे असे आहे.

किल्ल्याखालून फेरीबोटीने केरीला उतरले की आपण पेडणे महालात येतो. महादजी शिंद्यांचे सेनानी जिवबादादा बक्षी या केरीचे. ते घरून निघाले तेव्हा गाव सावंतांच्या राज्यात होते. कोल्हापूरकरांशी चाललेल्या संघर्षात जेरीस आलेल्या वाडीकरांनी पोर्तुगीजांची मदत मागितली आणि तिच्या बदल्यात १७८८ मध्ये पेडणे त्यांना दिले. त्या वर्षी जिवबादादा उत्तर हिंदुस्थानात शिंद्यांच्या फौजेत होते. शेत तेच, देऊळ तेच, घरची माणसे तीच, आणि राज्य मात्र लिस्बनचे झाले. तह करणाऱ्यांनी गावकऱ्यांना विचारले नव्हते.

पेडण्याहून हळर्णवरून डिचोलीकडे जाताना लक्षात ठेवावे, की आपण आता काळाच्या उलट दिशेने चाललो आहोत. डिचोली आणि सत्तरी हे महाल पेडण्याच्या आधी काही वर्षे, १७८१-८२ च्या सुमारास, कायमचे पोर्तुगीजांकडे गेले. आणखी दक्षिणेला, मांडवीच्या काठी नार्वे येते. समोरच्या दिवाडी बेटावरचे सप्तकोटेश्वराचे देऊळ पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात पाडले, तेव्हा भक्तांनी देव नदी ओलांडून इथे आणला. कारण त्या वेळी सरहद्द मांडवीवर होती. १६६८ मध्ये शिवाजी महाराजांनी नार्व्याच्या देवळाचा जीर्णोद्धार केला, आणि तसे सांगणारा शिलालेख तिथे आजही आहे.

म्हणजे सव्वाशे वर्षांत सरहद्द मांडवीवरून तेरेखोलवर सरकली. माणसे जागची हलली नाहीत. सरहद्दच त्यांच्या अंगावरून पुढे गेली. अठराव्या शतकाच्या अखेरीस आलेल्या या ‘नव्या काबिजादीं’मध्ये पोर्तुगीजांनी रयतेचे देवधर्म आणि रीतिरिवाज राखण्याची हमी दिली. तिसवाडी, बार्देश, साष्टी या जुन्या काबिजादींनी जे सोसले, ते पेडणे-डिचोलीच्या वाट्याला आले नाही. देवळे, पुराणे, दशावतार आणि मराठी अक्षरओळख इथे टिकून राहिली, त्यामागे हे एक मोठे कारण आहे.

पुढच्या शतकात उत्तर काठावर इंग्रजांचा अंमल आला, आणि दोन काठ दोन गोऱ्या सत्तांचे झाले. १८४४ च्या वाडीच्या बंडातील माणसे नदी ओलांडून गोव्याच्या आश्रयाला गेली. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने काही वर्षे जकातीची भिंत काढली. १८९२ मध्ये ती पुन्हा उभी राहिली. १५ ऑगस्ट १९५४ रोजी आल्फ्रेड आफोंसो यांच्या तुकडीने तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा फडकवला आणि अटक पत्करली. त्यानंतरच्या नाकेबंदीत सोयरिकीच्या घरांनाही ये-जा अवघड झाली, ती १९ डिसेंबर १९६१ पर्यंत.

मुक्तीनंतर ही रेषा राहावी की पुसावी, हे पहिल्यांदा लोकांना विचारले गेले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात महाराष्ट्रात विलीन होण्याच्या बाजूने १,३८,१७० आणि वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. पेडण्याचा कल विलीनीकरणाकडे होता, आणि विलीनीकरणवाद्यांचे नेते, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर, पेडण्यातच जन्मलेले. त्या निकालाबद्दल आपल्या घरांत अजूनही दोन मते निघतात. पण १७४६ आणि १७८८ ची रेषा तलवारीने आणि तहाने आखली होती. १९६७ ची लोकांनी स्वतः ठेवली. हा फरक लहान नाही, आणि हरलेल्या बाजूनेही तो मान्य करायला हवा.

मग जुना नकाशा कुठे उरला? वाचकहो, तो आपल्या आडनावांत उरला आहे. बांदेकर, सातार्डेकर, आरोंदेकर, रेडकर, केरकर, पालयेकर, पेडणेकर, नार्वेकर ही नावे ओळीने वाचली की आजचा सगळा प्रवास पुन्हा होतो, आणि मध्ये सरहद्द कुठेच लागत नाही. ही घराणी मुंबई-पुण्याला, बेळगावला, ग्वाल्हेरीला गेली. तरी कौल घ्यायला, कुळदेवाची ओटी भरायला माणसे अजून याच वाटेने येतात.

तहांचे कागद दफ्तरखान्यांत जपले जातात. जमिनीचे, वतनाचे, देवस्थानच्या मानाचे मोडी कागद मात्र पुष्कळदा घरातच असतात, आणि जुने घर पाडताना तेच आधी जातात. राज्यकर्त्यांनी सरहद्द कशी आखली, हे त्यांच्या कागदांत सापडेल. लोक तिच्यासह कसे जगले, हे सांगणारा पुरावा तुमच्या माळ्यावरच्या पेटीत असेल. ती पेटी एकदा उतरवा, आणि मोडी वाचणाऱ्या माणसाला दाखवल्यावाचून तिच्यातले एकही पान टाकू नका.