विंचवाचं बिऱ्हाड आणि लंडनचा शिंपी

लांबच्या सायकल टूरचं ठरलं की आधी मार्ग ठरत नाही, आधी एक्सेल शीट उघडते. तंबू, स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, पंक्चर किट, दोन ट्यूब, चार्जर... यादी वाढत जाते आणि सायकल बिचारी तेवढीच राहते. पण मुळात सायकलवर घर लादून निघायची ही आयडिया आली कुठून?

सुरुवात थॉमस स्टीव्हन्सपासून करू. २२ एप्रिल १८८४ ला हा गडी सॅन फ्रान्सिस्कोहून उंच चाकाच्या कोलंबिया सायकलवर निघाला. पुढचं चाक ५० इंची, म्हणजे साधारण १२७ सेंटीमीटर. पेडल थेट चाकालाच जोडलेलं, त्यामुळे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल चार मीटर पुढे! पण स्वार बसणार जवळजवळ चाकाच्या डोक्यावर. पुढे जरा वजन जास्त झालं किंवा दगड आडवा आला की थेट तोंडावर आपटायचं. अशा यंत्रावर सामान न्यायचं तरी किती? स्टीव्हन्सकडे हँडलला एक पिशवी होती. त्यात मोजे, एक जास्तीचा शर्ट आणि एक रेनकोट. हाच रेनकोट रात्री तंबू आणि अंथरूणही! सोबत एक रिव्हॉल्व्हर. बस्स.

एवढ्यावर हा माणूस साडेतीन महिन्यांत बॉस्टनला पोचला आणि डिसेंबर १८८६ मधे जगप्रदक्षिणा संपवून योकोहामाला. मधे अफगाणिस्तानातून त्याला परत पाठवलं, मग तो वळसा घालून बोटीने भारतात आला आणि लाहोरहून ग्रँड ट्रंक रोडने कलकत्त्याला गेला.

वाचताना वाटतं, वा! मिनिमलिझम असावा तर असा. पण थोडं खोलात गेलं की कळतं, त्याचं बरंचसं सामान दुसऱ्यांच्या घरात होतं. मिशनरी, तारऑफिसातले लोक, सरकारी अधिकारी, गावकरी यांनी त्याला ठिकठिकाणी जेवू घातलं, झोपायला जागा दिली. १८८५-८६ चा हिवाळा तर त्याने तेहरानमधे काढला. आमच्या भाषेत सांगायचं तर डिपेंडन्सी होतीच, फक्त ती बाहेर ढकलली होती.

ही डिपेंडन्सी काढून टाकली ती एका शिंप्याने. थॉमस हायरम होल्डिंग. लंडनचा व्यावसायिक टेलर. १८५३ मधे, नऊ वर्षांचा असताना, तो आईवडिलांबरोबर बैलगाड्यांच्या तांड्यातून अमेरिकेतला गवताळ प्रदेश तुडवत गेला होता. तंबूत राहायची गोडी तिथेच लागली. पण तांड्याचं सामान गाडीत असतं, सायकलवर गाडी कुठून आणणार?

तोवर सायकलही बदलली होती. १८८५ ची रोव्हर सेफ्टी म्हणजे दोन्ही चाकं जवळपास सारखी, स्वार खाली, साखळी मागच्या चाकाला. १८८८ मधे डनलॉपचे हवेचे टायर आले. आता सामान ठेवायला जागा होती आणि तोल जायची भीती कमी होती. उरला प्रश्न वजनाचा, आणि कापडाचं वजन शिंप्याइतकं कोणाला कळणार? होल्डिंगने जाड कॅनव्हास सोडून रेशमी कापडाचा तंबू वापरला आणि सगळा संसार घडी करून सायकलवर बसवला. १८९७ मधे तो मित्रांबरोबर आयर्लंडमधे फिरून आला, त्यावर पुढच्याच वर्षी पुस्तक लिहिलं आणि १९०१ मधे असोसिएशन ऑफ सायकल कॅम्पर्स सुरू झाली. आजचा ब्रिटनमधला कॅम्पिंग अँड कॅराव्हॅनिंग क्लब तो हाच. म्हणजे गंमत बघा, गाडी मागे लावून फिरणाऱ्यांच्या क्लबाचा जन्म सायकलवरच्या बिऱ्हाडातून झालाय!

आपल्याकडेही हे वेड होतं. १५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले. त्यातले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भुमगरा हे तिघे १८ मार्च १९२८ ला प्रदक्षिणा पूर्ण करून परतले. साडेचार वर्षं! गिअर नाहीत, जीपीएस नाही, प्लॅस्टिकच्या वॉटरप्रूफ बॅगा नाहीत.

मग आपण काय घ्यायचं यातून? 'कमीत कमी सामान' एवढंच म्हणून भागत नाही. आधी ठरवावं लागतं की रात्री कोणाच्या भरवशावर राहणार. धाबा, लॉज, देऊळ मिळणार असेल तर स्टीव्हन्सची पिशवी पुरते. मिळणार नसेल तर होल्डिंगसारखी प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवावी. वजन खाली आणि दोन्ही बाजूंना सारखं बांधावं. मागचं चाक आधी ट्रू करून घ्यावं, कारण बहुतेक ओझं त्याच्यावर येतं आणि स्पोक तुटतात ते बहुधा गिअरच्या बाजूचे. आणि टूरच्या आधीच्या रविवारी सगळं सामान लादून निदान ४०-५० किलोमीटर मारून यावं.

परत आल्यावर एक्सेल शीटमधल्या निम्म्या ओळी आपोआप डिलीट होतात.