गुरांच्या औषधाचा नारिंगी उजेड

आफ्रिकेच्या मोठ्या पट्ट्यात गुरं पाळायची तर सिंहापेक्षा माशीची धास्ती जास्त. त्सेत्से माशी चावली की ट्रिपॅनोसोम नावाचे एकपेशीय परजीवी जनावराच्या रक्तात उतरतात. मग जनावर खंगत जातं, रक्त आटतं, बरगड्या मोजता येतात. गुरांच्या या रोगाला तिकडे ‘नगाना’ म्हणतात. माणसांतला निद्रारोग हा त्याचाच भाऊबंद. डीएनए डोळ्यांना दाखवणारं रंगद्रव्य म्हणून जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांनी ज्याला डोक्यावर घेतलं, त्या इथिडियम ब्रोमाइडचा जन्म या नगानावरचं औषध शोधताना झाला.

कापडाच्या रंगांतून औषधं शोधायची वाट पॉल एर्लिखने पाडली होती. 1904 मध्ये त्याने ‘ट्रिपॅन रेड’ हा रंग ट्रिपॅनोसोमवर चालतो हे दाखवलं. पुढे 1930च्या दशकात ब्रिटनमध्ये फेनॅन्थ्रिडिनियम या कुळातल्या संयुगांवर काम सुरू झालं आणि त्यातून डिमिडियम ब्रोमाइड हे गुरांचं औषध निघालं. ते परजीवींना मारायचं, पण काही गुरांचं यकृतही बिघडवायचं आणि मग उन्हात त्यांची कातडी भाजून निघायची. नॉटिंगहॅमच्या बूट्स कंपनीतल्या वॉटकिन्स आणि वुल्फ यांनी या रेणूतल्या नायट्रोजनवरचा मिथाइल गट काढून तिथे इथाइल बसवला. बदल एवढाच, एका कार्बनचा. नवं औषध जास्त प्रभावी ठरलं आणि जनावरांना सोसवलंही. 1952 मध्ये ‘नेचर’मध्ये त्याची बातमी छापून आली. पशुवैद्य त्याला होमिडियम म्हणतात. प्रयोगशाळेत मात्र इथिडियम हेच नाव टिकलं आणि आपल्याकडे तर नुसतं ‘ईटीबीआर’.

औषध लागू पडतं म्हटल्यावर ते का लागू पडतं हा प्रश्न कुणालातरी पडतोच. केंब्रिजमध्ये न्यूटन (सफरचंदवाला नव्हे) याने 1957 मध्ये दाखवलं की इथिडियम दिल्यावर परजीवीत डीएनए तयार होणं सगळ्यात आधी थांबतं. 1961 मध्ये लिओनार्ड लर्मनने अ‍ॅक्रिडीन या दुसऱ्या कुळातल्या रंगांबद्दल एक कल्पना मांडली, ती इथिडियमलाही चपखल बसली. डीएनएच्या आत बेसच्या जोड्या एकीवर एक रचलेल्या असतात. हा चपटा रेणू भाकऱ्यांच्या चवडीत मधेच एखादी पोळी सरकवावी तसा त्यांच्यामध्ये घुसतो. चवड उंचावते, डीएनएचा पिळलेला गोफ थोडा उलगडतो आणि डीएनएची नक्कल करणाऱ्या यंत्रणेचं काम बिघडतं.

खरी गंमत यापुढे आहे. इथिडियमचा रेणू पाण्यात मोकळा असतो तेव्हा अतिनील प्रकाशात जेमतेम चमकतो. प्रकाशातून मिळालेली ऊर्जा तो भोवतीच्या पाण्याला देऊन टाकतो, म्हणून उजेड पडत नाही. बेसच्या जोड्यांमध्ये शिरला की पाण्यापासून त्याला आडोसा मिळतो. तीच ऊर्जा मग नारिंगी प्रकाश होऊन बाहेर येते, आणि चमक वीसेक पटीने वाढते. फ्रान्समध्ये ल पेक आणि पाओलेत्ती यांनी 1966-67 मध्ये याचा नीट अभ्यास करून नमुन्यात डीएनए किती आहे हे मोजायची पद्धतच बसवली. ज्या घुसखोरीने परजीवी मरतो, त्याच घुसखोरीने डीएनए उजळतो. रेणूचा गुण एकच होता. केंब्रिजपासून पॅरिसपर्यंत जो तो त्याला आपला प्रश्न विचारत गेला, म्हणून ही कुळकथा एका शोधकाच्या नावावर लावता येत नाही.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात कॅलटेकमध्ये जेरोम विनोग्राड यांच्या गटाने त्याला आणखी एका कामाला जुंपलं. वर्तुळाकार, दोन्ही टोकं जुळलेला डीएनए फार उलगडू शकत नाही, म्हणून तो इथिडियम कमी घेतो. तुटका किंवा सरळ डीएनए भरपूर घेतो आणि हलका होतो. सीझियम क्लोराइडच्या दाट द्रावणात मिसळून हे मिश्रण प्रचंड वेगाने फिरवलं की दोघे वेगळ्या उंचीवर थांबतात. 1967च्या या पद्धतीवर पुढची दोन दशकं प्लाझ्मिड, म्हणजे जिवाणूंतला असा वर्तुळाकार डीएनए, शुद्ध करण्याचा कारखाना चालला. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिवा लावायचा, नळीत दोन नारिंगी कडी दिसायची, नळीच्या बाजूने सुई टोचून खालचं कडं हलक्या हाताने ओढून घ्यायचं. वरचं कडं सुईत आलं की सगळी मेहनत पाण्यात. नव्वदच्या दशकात तयार किट आले आणि ही कला गेली. मला तिचं फारसं दुःख नाही.

पण आज इथिडियमचं नाव घेतलं की डोळ्यांसमोर येतं ते डीएनएचे तुकडे वेगळे करायचं जेल. 1971 मध्ये जॉन्स हॉपकिन्समध्ये डॅना आणि नेथन्स यांनी एसव्ही40 या विषाणूचा डीएनए विकराने कापून त्याचे 11 तुकडे वेगळे केले; पण ते दिसावेत म्हणून डीएनएत किरणोत्सारी फॉस्फरस घालावा लागला होता. दर वेळी किरणोत्सार हाताळायचा आणि उत्तरासाठी थांबायचं, असा तो मामला. 1972 मध्ये अ‍ॅम्स्टरडॅममध्ये आय आणि बोर्स्ट यांनी जेलमधला डीएनए इथिडियमने रंगवून दाखवला. 1973 मध्ये कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या शार्प, सग्डेन आणि सॅमब्रूक यांनी अ‍ॅगरोजच्या जेलमध्येच इथिडियम मिसळलं आणि एका जिवाणूत डीएनए कापणारी दोन वेगवेगळी विकरं आहेत हे ओळखून काढलं. फिलिप शार्प त्याआधी कॅलटेकमध्येच होता, हे लक्षात घेतलं की धागा जुळतो. पुढे 1993 मध्ये त्याला नोबेल मिळालं ते जनुकांच्या तुटक रचनेसाठी. पण जगभरच्या विद्यार्थ्यांनी त्याची जेलची युक्ती जास्त वापरली असेल.

ती युक्ती आजही जवळपास तशीच आहे. अ‍ॅगरोज पारदर्शक होईपर्यंत उकळायचं, हाताला सोसेल इतकं निवलं की मिलिलिटरला अर्धा मायक्रोग्रॅम या हिशेबाने इथिडियम घालायचं, कंगवा लावलेल्या ट्रेमध्ये ओतायचं. गोठल्यावर कंगवा अलगद उपसायचा, खाचांमध्ये नमुने भरायचे आणि वीज सोडायची. डीएनए ऋणभारित, म्हणून धन टोकाकडे धावतो. छोटे तुकडे पुढे, मोठे मागे. मग जेल अतिनील दिव्यावर ठेवलं की डीएनएचे पट्टे, म्हणजे बँड, तिथल्या तिथे दिसतात. एका बँडमध्ये काही नॅनोग्रॅम डीएनए पुरतो.

1992 मध्ये कॅलिफोर्नियात रसेल हिगुची आणि सहकाऱ्यांनी इथिडियम थेट पीसीआरच्या नळीत टाकलं आणि डीएनए वाढताना चमक वाढते आहे हे टिपलं. रिअल-टाइम पीसीआरची ही सुरुवात. कोरोनाच्या चाचण्यांत बहुतेक ठिकाणी वेगळे, नेमके जनुक ओळखणारे प्रोब वापरले गेले, पण ‘सीटी व्हॅल्यू’ हा शब्द घराघरात पोचवणारं तंत्र इथूनच निघालं.

आता भीतीबद्दल. सत्तरच्या दशकात जिवाणूंवर करायच्या एम्स चाचणीत, यकृताचा अर्क मिसळल्यावर, इथिडियम जनुकांत बदल घडवतं असं दिसलं. तेव्हापासून बाटलीवर कवटी, टेबलाचा एक कोपरा राखीव आणि हातमोजे सक्तीचे. काळजी घ्यावीच, पण प्रमाणही बघावं. गुरांना हे औषध किलोमागे 1 मिलिग्रॅम टोचतात. म्हणजे 300 किलोच्या बैलाला 300 मिलिग्रॅम. पन्नास मिलिलिटरच्या जेलला लागतात 25 मायक्रोग्रॅम. एका बैलाच्या मात्रेत 12,000 जेल होतील. मूळ पावडर आणि दाट द्रावण हाताळताना जेवढं जपायचं, तेवढा बाऊ रंगलेल्या जेलचा करायची गरज नाही.

या भीतीनेच नव्या रंगांना बाजार मिळाला. अमेरिकेतल्या मॉलिक्युलर प्रोब्जने सायबर ग्रीन आणि नंतर सायबर सेफ आणले. बायोटियमचं जेलरेड म्हणजे तर इथिडियमचेच दोन रेणू लांब साखळीने जोडलेले, म्हणजे मोठा झालेला रेणू पेशीत शिरू नये. पण मोठा रेणू डीएनएची चालही अडवतो आणि नमुना जास्त भरला की बँड फरकटतात.

सायबर सेफचा मला पटणारा फायदा वेगळाच आहे: तो निळ्या प्रकाशात चमकतो. अतिनील दिव्याखाली बँड कापत बसलं की डीएनएतल्या शेजारच्या थायमिनांची गाठ पडते आणि पुढे क्लोनिंग रुसतं. तेव्हा प्रयोगशाळेचे पैसे मोजके असतील तर रोजची तपासणी ईटीबीआरवर करा, आणि बँड कापून वापरायचा असेल त्या दिवसासाठी निळा दिवा घ्या. हातमोजे दोन्ही वेळा घालाच.